नळीमागचा चेहरा

नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. अंगाने त्या किडकिडीत, आणि आवाज इतका हळू की डॉक्टरांनाही कान द्यावा लागे. पण वॉर्डात त्यांच्याइतकं जुनं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मोठ्या. दिवस भरायच्या आधीच जगात आलेली, ओंजळीत मावतील अशी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत. नाकात श्वासाची नळी, तोंडात दुधाची बारीक नळी, आणि दोन्ही हलू नयेत म्हणून वरच्या ओठावरून गालापर्यंत चिकटवलेली पट्टी. ही पट्टी अधूनमधून बदलावी लागते. कातडी कांद्याच्या सालीइतकी पातळ, जरा घाई केली तर पट्टीबरोबर निघून यायची. म्हणून ते काम शक्यतो मोठ्या सिस्टरकडेच असायचं. त्यांनी पट्टी काढली तर बाळाच्या कपाळाला आठीसुद्धा पडत नाही, असं बाकीच्या सिस्टर म्हणायच्या.

एका दुपारी वॉर्डाच्या दाराशी एक मुलगी येऊन उभी राहिली. वयाने मुलगीच, पण तिचा मुलगा याच वॉर्डात कोपऱ्यातल्या पेटीत होता आणि नुकताच गेला होता. मोठ्या सिस्टरनी तिला लांबूनच ओळखलं.

"ये गं, अशी बाहेर का उभी?"

मुलगी आत आली नाही. पेट्यांकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, दूध थांबत नाहीये. काय करू?"

मोठ्या सिस्टरनी तिला शेजारच्या लहान खोलीत नेलं, दार लोटलं, ओल्या थंड कपड्याच्या घड्या करून दिल्या, काय करायचं, काय नाही ते सांगितलं. मुलगी मान डोलवत होती. सगळं ऐकून झाल्यावरही ती उठली नाही. तिने पिशवीतून फोन काढला आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेली. सगळ्यांत तेच. मिटलेले डोळे, टोपी, नळ्या, पट्टी.

बाळ गेलं तेव्हा ती स्वतः वरच्या मजल्यावर रक्तदाब चढून पडली होती. तिला खाली आणेपर्यंत त्याला नेलं होतं. नळ्या काढल्यावर त्याला शेवटचं पाहिलं ते तिच्या नवऱ्याने, आणि अशा वेळी फोटो काढायचं कुणाला सुचतं?

"यांना विचारते मी, तोंड कसं होतं त्याचं," ती म्हणाली. "म्हणतात, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही की सांगवत नाही, कळत नाही." मग तिने वर पाहिलं. "पट्टी तुम्हीच बदलायचात ना? तुम्ही पाहिलं असेल. कसं होतं हो?"

"छान होतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

आणि म्हणताक्षणी त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. छान होतं, हे त्या सगळ्याच आयांना सांगत आल्या होत्या. मुलीनेही ते भेटायला आलेल्या नातेवाइकांचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"लग्नाच्या फोटोतून नको ती माणसं पुसून टाकतात ना? तशी ही नळी पुसता येत नसेल का?"

"बघते मी," मोठ्या सिस्टर बोलून गेल्या. "त्यातला चांगला एक फोटो मला पाठव."

बोलून तर बसल्या. पण त्यांना स्वतःला फोनवर फोटो काढायचा आणि पाठवायचा, एवढंच येत होतं.

आता खरं तर उत्तर त्यांच्या घरातच होतं. खालच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ फोटो स्टुडिओत कामाला होती. दिवसभर लोकांच्या गालांवरचे डाग घालवणं आणि लग्नांचे अल्बम लावणं हाच तिचा उद्योग. पण जावेचं तोंड म्हणजे उघडा नळ. मोठ्या सिस्टरचे यजमान, बस चालवून चालवून निवृत्त झालेले, पाठीमागे तिला दवंडी म्हणायचे. त्या पोरीचं दुःख गल्लीभर व्हायला नको, म्हणून मोठ्या सिस्टरनी ठरवलं, आपलं आपण बघू.

त्यांनी फोनवर एक ॲप घेतलं. सगळ्यांत वर दिसलं ते. फोटो टाकल्याबरोबर ॲपने आपणहून चेहरा शोधला, हनुवटी निमुळती केली, कातडी मेणासारखी गुळगुळीत केली आणि ओठांच्या जागी, म्हणजे पट्टीवरच, गुलाबी रंग फासला. "अरे मेल्या!" मोठ्या सिस्टर फोनलाच म्हणाल्या.

दुसरं ॲप जरा शहाणं वाटलं. नको असलेल्या गोष्टीवर बोट फिरवा, ती जाईल, असं त्यात सांगितलं होतं. त्यांनी नळीवर बोट फिरवलं, पट्टीवर फिरवलं. फोनवर एक चक्र गरगर फिरलं आणि नळी खरंच गेली. तिच्या जागी तोंड आलं. किंचित उघडं, हसरं, आणि वरच्या ओठाखाली दोन पांढरेशुभ्र दात.

त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

यजमानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "काय झालं?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "खाली जाऊन येते."

जाऊ भाजी चिरत बसली होती. "ताई, तुम्ही? आज वाट चुकलात की काय? बसा, चहा टाकते. आज स्टुडिओत काय झालं माहितेय का, एक नवरदेव म्हणतो, माझे केस वाढवून द्या. म्हटलं बाबा रे, हे सलून आहे का..."

मोठ्या सिस्टरनी तिच्यापुढे फोन धरला. जाऊ बोलता बोलता थांबली. हातातली सुरी तशीच राहिली.

"याला दात कुणी दिले?"

"ॲपने."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जाऊ एकदाही मध्ये बोलली नाही, हे मोठ्या सिस्टरच्या नंतर लक्षात आलं. शेवटी तिने हात पुसले. "द्या इकडे. स्टुडिओत नेते, उद्या करून आणते. कुणाला दाखवायची नाही, काळजी करू नका."

"तू करशील गं. पण तोंड कुठलं काढशील? तू त्याला बघितलं कुठे?"

"तुम्ही सांगा, तसं काढीन."

"सांगता येत नाही, तीच तर पंचाईत आहे. त्या पोरीलाही सांगता आलं नाही मला." त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. "दिसतं मला. पण शब्दांत येत नाही."

"मग शिका," जाऊ म्हणाली, आणि उठून आतून जुना लॅपटॉप घेऊन आली.

स्टुडिओत मोठं, दर महिन्याला भाडं भरावं लागणारं सॉफ्टवेअर होतं. त्याचं काय ते जावेने एका वाक्यात उरकलं. "त्यात शेकडो अवजारं आहेत, त्यातली मूठभरही मी वापरत नाही. तुम्ही घाबरून पळून जाल." लॅपटॉपवर होतं ते फुकटातलं. राखाडी, गबाळं, चिन्हं इतकी बारीक की मोठ्या सिस्टरना चष्मा कपाळावरून नाकावर घ्यावा लागला.

"दिसायला असंच आहे हे," जाऊ म्हणाली. "पण एक आहे. आपण सांगू तेवढंच करतं. स्वतःची अक्कल चालवत नाही."

"मग हेच हवंय मला."

मोठ्या सिस्टरना लगेच बाळाचा फोटो उघडायचा होता. जावेने हात धरला. "ताई, इंजेक्शन द्यायला शिकलात तेव्हा आधी कुणाला टोचलंत?"

"संत्र्याला."

"मग हे घ्या संत्रं." आणि तिने मोठ्या सिस्टरच्या यजमानांचा, ड्रायव्हरच्या गणवेशातला, झुबकेदार मिशांचा फोटो उघडला.

त्यानंतर ड्युटीवरून आलं की हातपाय धुऊन मोठ्या सिस्टर खाली जायच्या. पहिले काही दिवस माऊसशीच झटापट. डोळ्यांना न दिसणारी शीर सुईने शोधणारा हात, पण माऊस धरला की बाण भलतीकडेच पळायचा. "दाबून धरू नका, तो काय पळून जाणार आहे?" जाऊ म्हणायची. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांना ती जशी बोलायची तशीच मोठ्या जावेलाही बोलायची, आणि मोठ्या सिस्टरनाही का कोण जाणे, राग येत नव्हता.

लेयर म्हणजे काय, ते त्यांच्या डोक्यात शिरेना. जावेने शेवटी अल्बममधली पारदर्शक शीट काढली आणि यजमानांच्या फोटोवर ठेवली. "जे काय करायचं ते या शीटवर. खालच्या फोटोला हात लागता कामा नये. बिघडलं तर शीट काढून फेकायची. नवीन काम, नवीन शीट. एकावर एक कितीही ठेवा."

"म्हणजे जखमेला हात न लावता वरचं ड्रेसिंग बदलायचं."

"हां! आणि हे क्लोन. एकीकडची कातडी उचलायची, दुसरीकडे लावायची."

"भाजलेल्या पेशंटला मांडीची कातडी गालाला लावतात, तसं?"

"अगं बाई," जाऊ म्हणाली, "तुम्हाला येतंय की सगळं!"

येत होतं, पण हात ऐकत नव्हता. पहिल्या प्रयत्नात यजमानांच्या गालावरचा तीळ तीन ठिकाणी उगवला. मग मिशी काढायला घेतली, तर एका बाजूची गेली आणि दुसरी गळ्यापर्यंत ओघळली. जिन्यावरून यजमानांनी डोकावून पाहिलं. "जिवंत माणसाची ही दशा? बायको आहेस का कोण आहेस?"

"भाऊजी, थांबा," जाऊ म्हणाली, "आत्ता तुम्हाला परत माणसात आणते." तिने केलेलं मागे घेणारं अनडूचं बटण दाबलं. मिशी जागेवर आली. पुन्हा दाबलं, तीळ एकच राहिला.

मोठ्या सिस्टर त्या बटणाकडे बघत राहिल्या. "असं एक वॉर्डात असतं तर," त्या म्हणाल्या.

जावेने उठून चहा टाकला.

बाळाचा फोटो उघडायची परवानगी मिळाली तेव्हा यजमानांची मिशी अशी सफाईने निघत होती की त्यांनी स्वतःच विचारलं, "खरंच काढू का गं? बरा दिसतोय." दोघी जावांनी एकदम नको म्हटलं.

गाल सोपा निघाला. नळीची सावली, पट्टीची कड, पट्टीने गालावर उठलेली लाली, प्रत्येकाला वेगळा लेयर, जावेने घोकून घेतलं होतं तसं. बाळाच्याच दुसऱ्या गालावरची कातडी कणाकणाने उचलून मोठ्या सिस्टर लावत गेल्या. नाकपुडीला वेळ लागला. आणि मग राहिला वरचा ओठ. तिथे उचलायला काही नव्हतंच. सगळा पट्टीखाली.

"दुसऱ्या कुठल्या बाळाचा घ्या," जावेने सुचवलं. "एवढीशी बाळं सारखीच तर दिसतात."

तिच्याकडे नवजात बाळांचे फोटो पुष्कळ होते. एकाचा ओठ नेमका मापाचा बसला. रंग जुळवला, कडा मऊ केल्या. चित्र असं गोड झालं की जावेने टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मोठ्या सिस्टरनी ते फोनवर पुन्हा पाहिलं. कप खाली ठेवला. गोड होतं. नीटस होतं. पण त्या पेटीशी उभं राहून त्यांनी ज्याची पट्टी बदलली होती, तो हा नव्हता.

त्या दिवशी वॉर्डात एका नव्या आलेल्या तान्ह्या मुलीची पट्टी बदलायची होती. मोठ्या सिस्टरनी तेल लावून पट्टीची कड सोडवली, डाव्या हाताच्या बोटाने नळी धरून ठेवली आणि उजव्या हाताने पट्टी हळूहळू मागे घेत आणली. ओठ मोकळा झाला. आणि त्यांच्या बोटांना कोपऱ्यातल्या पेटीतला तो आठवला. त्याची पट्टी निघाली की उजवीकडचा ओठ लगेच खाली बसायचा, पण डावी कड थोडी वरच राहायची. जणू काही सांगायचंय आणि अजून ठरत नाहीये. मध्ये बारीकसं टोक. ओठ भरलेला नव्हता, पातळच होता. त्यांनी नवी पट्टी लावली, आणि दिवसभर डावी कड, डावी कड, असं मनात घोकत राहिल्या, बाजारात काही आणायचं असावं तसं.

संध्याकाळी दुसऱ्या बाळाच्या ओठाचा लेयर त्यांनी काढून टाकला. "अहो, एवढी मेहनत!" जाऊ कळवळली.

"ते लेकरू दुसऱ्याचं आहे. त्याचं त्याला असू दे."

ओठाला रंग कुठून आणायचा, हा प्रश्न होता. त्यांनी फोटोभर शोधलं, आणि टोपीखालून डोकावणाऱ्या कानाच्या पाळीत तो सापडला. तिथली एक रेघ उचलली. हनुवटीखालची सावली घेतली. आकार हाताने काढला, पुसला, काढला. जाऊ मागे उभी होती, पण सूचना करत नव्हती. डावी कड दोनदा फार वर गेली, तेव्हा ते बाळ हसायला लागलं, ते त्यांना नको होतं. मग ती केसभर खाली आली आणि थांबली.

मोठ्या सिस्टरनी माऊसवरचा हात काढला.

जाऊ पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "ताई, हा कुणासारखा तरी दिसतोय."

"कुणासारखा?"

"ते माहीत नाही. पण कुणासारखा तरी दिसतोय. कालचा कुणासारखाच दिसत नव्हता."

मुलगी आली ती नवऱ्याला घेऊन. तो पोरगेला, खांद्यावर कामाची पिशवी तशीच, जावेच्या खोलीत यायला तयार नाही. दारातच उभा राहिला. मुलगी लॅपटॉपसमोर बसली. मोठ्या सिस्टरनी फोटो उघडला आणि पुढे काय करावं ते न कळून आपल्याच पदराशी चाळा करत राहिल्या. जावेने खिडकीबाहेर बघायचं काम घेतलं.

मुलीने आधी नुसतं पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. मग बोटाने पडद्यावर गालापाशी स्पर्श केला.

"इथे लाल होतं ना?"

"हो. पट्टीने उठलं होतं. ते मी..."

"मी रोज तिथेच बोट ठेवायचे," मुलगी म्हणाली. "बाकी कुठे हात लावू द्यायचे नाहीत. तिथे ठेव म्हणायचात तुम्ही."

मोठ्या सिस्टरनी माऊस हातात घेतला. गालावरची लाली पुसलेला लेयर वेगळा होता. त्यांनी त्याच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. तो लेयर मिटला, आणि गालावर खालचा लालसर चट्टा वर आला, नखाएवढा.

मुलीने बोट तिथे ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"असंच होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

नवरा कधी आत आला होता, कुणाला कळलं नव्हतं. तो बायकोच्या मागे उभा होता. त्याने स्वतःच्या ओठाच्या डाव्या कडेला बोट लावलं. "इथे असं... वर. असंच होतं त्याचं."

"तुम्ही म्हणालात, आठवत नाही," मुलगी मागे न वळता म्हणाली.

"होतं आठवत." त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तुला सांगायचं कसं, ते कळत नव्हतं."

मोठ्या सिस्टरनी जावेला खुणेने बाहेर बोलावलं. दोघी जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. आतून दोघांचं हळू बोलणं येऊ लागलं, खूप दिवसांचं साठलेलं असावं तसं, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं. जावेने डोळे पुसले आणि म्हणाली, "स्टुडिओत मी माणसांचे डाग घालवते आणि ती खूश होऊन जातात. डाग परत मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं."

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. गल्लीत एक शब्द नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मोठ्या सिस्टरच्या यजमानांनी तेव्हापासून तिला दवंडी म्हणणं सोडलं.

तरी त्या मुलीकडून दुसरीला कळलं, दुसरीकडून तिसरीला. लोक येत गेले. सगळं सुरळीतच झालं असं नाही. एका आजोबांना नातीचा फोटो बघवला नाही, त्यांनी तो तसाच परत दिला. एक बाप म्हणाला, मुलीचे डोळे उघडे करून द्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ते तिने कधी उघडलेच नव्हते, मी कुठून आणू? तो चिडून गेला आणि परत आला नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत त्या. जावेने समजूत घालून पाहिली, मग स्वतःच रडली.

पण वॉर्डात एक गोष्ट बदलली. पट्टी बदलायची असली की मोठ्या सिस्टर आधी आईबापाला निरोप पाठवायच्या. त्यांना स्वच्छ हात धुवून पेटीशी उभं करायच्या. दुधाची नळी नवी घालायची असली की आधी पट्टी निघायची, मग जुनी नळी, श्वासाची नळी त्या बोटाने एका बाजूला धरायच्या, आणि त्यांच्या हळू आवाजात म्हणायच्या, "आता बघा. नीट बघून घ्या. काढा फोटो." बहुतेक बाळं पुढे चांगली धडधाकट होऊन घरी जायची, आणि तो फोटो आयांना हसण्यासाठी उरायचा. तरुण सिस्टर आधी कुरकुरल्या, वेळ जातो म्हणून. मग त्याही तसंच करायला लागल्या.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डाने त्यांचा एक मोठा फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं. तो काढायला अर्थातच जावेच्या स्टुडिओत जाणं आलं. जावेने त्यांना दिव्यांसमोर बसवलं, मान वळवायला लावली, चष्मा काढायला लावला, परत घालायला लावला आणि सगळा वेळ बोलत राहिली. मग फोटो मोठ्या पडद्यावर उघडला.

"सुरकुत्या राहू देत ना?"

"राहू देत."

"डोळ्यांखालचं काळं?"

"तेही असू दे. ड्युटीचं आहे ते."

"मला वाटलंच," जाऊ म्हणाली आणि फोटो सेव्ह करायला निघाली.

"थांब, थांब." मोठ्या सिस्टरनी चष्मा सारखा केला आणि पडद्याजवळ वाकल्या. "हनुवटीवरचा तो केस तेवढा काढायचा."

"काढते की."

"नको. सरक तू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून माऊस हातात घेतला. "मीच काढते. तू उगाच गाल गुळगुळीत करून ठेवशील."